कागद दाखवा

साल १८९७, एप्रिलचा महिना. पुणे स्टेशनच्या फलाटावर तुम्ही रांगेत उभे आहात. पुढच्या माणसाने सदरा वर केला. डॉक्टरने त्याच्या काखेत बोटे घातली, जांघ चाचपली, जीभ बघितली आणि हातानेच ‘जा’ म्हणून खूण केली. आता तुमची पाळी. गाठ लागली तर तुम्ही इस्पितळात, घरची माणसे छावणीत आणि अंथरूण-पांघरूण आगीत. गाठ लागत नाही. तिकीट दौंडकडे जाणाऱ्या गाडीचे आहे, उतरायचे आहे केडगावला.

मागे राहिलेल्या शहरात १३ मार्चपासून घरझडती चालू आहे. गोऱ्या शिपायांची तुकडी वाडा घेरते, बुटांसकट माजघरात शिरते, आजारी माणूस कोठीत लपवलाय का ते बघते, जमीन खणते, चुना फासते. बायकांना उघड्यावर उभे करून तपासल्याच्या तक्रारी घरोघर आहेत. प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. त्याच्या हाती आहे साथरोगांचा कायदा, ४ फेब्रुवारीला झालेला. कलमे अवघी चार. पहिल्यात नाव, दुसऱ्यात सरकारला योग्य वाटेल तो उपाय करण्याची मुभा, तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्यात असे की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. हडपसर ते लोणी एवढ्या वेळात तुम्ही तो दोनदा वाचून काढाल.

हडपसरवरून गाडी जाते तेव्हा खिडकीबाहेर बघा. याच भागात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणले, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शिपाई वाड्यांत शिरण्याच्या तीन दिवस आधी. त्यांना कुठल्या कलमाने तिकडे पाठवले नव्हते.

साथ खरी होती, एवढे मात्र गाडीत बसल्या बसल्या कबूल करून टाका. १९ मेला झडत्या थांबतील तेव्हा पुण्यातल्या प्लेगच्या मृत्यूंचा अंदाज २,०९१ असेल. सरकार हातावर हात ठेवून बसले असते तर त्यालाही आपण शिव्याच घातल्या असत्या. अडचण अशी की ज्या खात्रीने घरे उकरली जात होती तेवढे ज्ञान कोणाजवळच नव्हते. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमों याने कराचीत दाखवले ते पुढच्या साली, १८९८ मध्ये. देशावरची खेडी मात्र नंतरच्या साथींमध्ये स्वतःहून शहाणी झाली. घरात उंदीर मरून पडू लागले की गावच्या गाव रानात जाऊन झोपड्या घालून राही. त्यासाठी दारात शिपाई यावा लागला नाही. आजीच्या तोंडून असली गोष्ट ऐकलेली माणसे या पट्ट्यात अजून भेटतील.

यवत गेले. केडगाव आले. उतरा.

‘मुक्ती’ हे नाव या जागेला पुढे पडेल. सध्या ती नुसती शेतजमीन आहे, सुमारे शंभर एकर. पंडिता रमाबाईंनी ती घेतली ती पुण्यातल्या शारदा सदनाला थोडे उत्पन्न मिळावे म्हणून. आता तिथे घाईने घातलेल्या झोपड्या आहेत आणि मुली आहेत. दंडाचे हाड दिसणाऱ्या, डोळे खोल गेलेल्या. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी त्यांना गोळा करून आणले, आणि पुण्यात अधिकाऱ्यांनी हात आडवा केला: प्लेगच्या शहरात एवढ्या मुली एका ठिकाणी ठेवता येणार नाहीत.

हुकूम चुकीचा होता असे मला वाटत नाही. उपासाने खंगलेल्या मुली पुण्याच्या दाटीत ठेवल्या असत्या तर त्यांतल्या किती वाचल्या असत्या, सांगता येत नाही. पण ‘इथे नको’ म्हणणाऱ्याने ‘मग कुठे?’ याचे उत्तर दिले नाही. ते एका विधवा बाईने शोधले, चौतीस मैलांवर. नियम आणि त्याची किंमत यांची वाटणी बहुधा अशीच होते. नियम वरून येतो, आणि किंमत ज्याच्या अंगावर पडते त्याला ती आधी कोणी सांगितलेली नसते.

तुम्हाला वाटेल, ही बाई सरकारशी जमवून घेत असेल. ख्रिस्ती झालेली, इंग्लंड-अमेरिकेत नाव असलेली. महिनाभर थांबा. मे महिन्यात मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये त्यांचे पत्र छापून येईल. सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची जी आबाळ आणि बेअब्रू चालली आहे ती त्यांनी लिहिली आहे, आणि आपल्या सदनातली एक मुलगी त्या व्यवस्थेत गेली ती परत मिळाली नाही, हेही. सरकारने आरोप खोडून काढले. १८९३ मध्ये धर्मांतरांच्या वादात ज्या ‘केसरी’ने रमाबाईंवर कडाडून टीका केली, त्याच ‘केसरी’चे टिळक या वेळी प्लेगच्या बंदोबस्ताला धारेवर धरत होते. आणि तेच टिळक लोकांना रोगी वेगळा ठेवा म्हणून सांगत होते, हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उभे करायला झटत होते. एकमेकांचे तोंड न बघणाऱ्या या दोघांच्या लिहिण्याचा अर्थ मी एकच लावतो. रोग्याला वेगळे ठेवणे त्यांना मान्य होते. आपले माणूस कुठे नेले, त्याच्याशी कोण कसे वागले, हे विचारायची सोय नसणे मान्य नव्हते. चौथ्या कलमाने तीच सोय बंद केली होती.

२२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडचे काय होणार आहे ते तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. त्यासाठी इथे थांबत नाही.

निघताना मात्र एक आगाऊ प्रश्न विचारून घ्या. या मुलींचे काय? उठायचे कधी, प्रार्थना कधी, काम कधी, ते आता घंटेवर ठरेल. त्यांना तरी कोणी विचारले? खरे आहे, नाही विचारले. दुष्काळात मरायला टेकलेल्या मुलीला पर्याय देता येत नाहीत, असे उत्तर येईल आणि ते बरोबरही असेल. पण मग हेच उत्तर प्लेग कमिटीही देत होती, हे डोक्यात राहू द्या. दयेने केलेला नियम आणि दंडुक्याने केलेला नियम यांतला फरक बाहेरून मोठा दिसतो; आत असलेल्याला कधी कधी तो तेवढा मोठा वाटत नसेल.

केडगावहून पाटस, पाटसहून दौंड. फलाटावर पाय ठेवता तेव्हा साल १९५२ आहे आणि रात्रीचे अकरा वाजले आहेत. लोकोशेडमधून धूर येतोय, रनिंग रूमकडे ड्रायव्हर-फायरमन कंदील हलवत चाललेत, मनमाडची गाडी लागायची आहे. गोरा साहेब गेला. तुमच्यासमोर खाकीतला आपलाच माणूस उभा आहे.

“तोंड उघडा. हां करा.”

तुम्ही सोलापूरकडून आलेल्या गाडीतून उतरलात असा त्याला संशय. त्या बाजूला पुढे हैदराबाद राज्य लागते. तिथे अबकारी म्हणजे तिजोरीचा मोठा आधार. इकडे मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी. मोरारजीभाई देसाई मुख्यमंत्री आहेत आणि या बाबतीत ते बधणारे नाहीत. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात लिहिलेलेच आहे की आरोग्याला घातक अशा मादक पेयांवर बंदी आणायचा प्रयत्न राज्याने करावा. तुमच्या तोंडाला वास येतो का हा आता राष्ट्रउभारणीचा प्रश्न झाला आहे.

बाजूच्या बाकावरचा म्हातारा हसतोय. त्याच्या पिशवीत द्राक्षासवाची बाटली आहे. “औषध आहे साहेब,” तो सांगतो. आणि गंमत अशी की कायदा त्याच्या बाजूने आहे. मुंबईच्या एफ. एन. बलसारा नावाच्या पारशी गृहस्थाने कोर्टात मागणी केली होती की व्हिस्की, ब्रँडी, बिअरपासून यूडीकोलोन आणि औषधी अर्कांपर्यंत सगळे बाळगण्याचा आपला हक्क मान्य करावा. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला: दारूबंदी योग्य, पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी अवाजवी. लष्कराच्या कॅन्टीनला दिलेली सवलतही न्यायालयाने ठीक मानली. म्हणजे भीमा ओलांडून नगरला गेलात तर छावणीतल्या अधिकाऱ्याचा पेला कायदेशीर आणि दौंडच्या खलाशाचा बेकायदा. या निकालानंतर खटल्यांत एक नवाच बचाव निघाला. मुंबईत जीप चालवताना पकडलेल्या बेहराम पेसीकाका यांनी सांगितले की आपण बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले होते, वास त्याचा आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५४ मध्ये ते सुटले. वास कशाचा हे सरकारने सिद्ध करायचे, आरोपीने नव्हे, असे ठरले. सरकारने मग कायदाच बदलला. १९५९ च्या दुरुस्तीनंतर रक्तात शेकडा ०.०५ पेक्षा कमी नाही एवढे अल्कोहोल सापडले की ते औषधाचे होते हे सिद्ध करायची जबाबदारी पुन्हा आरोपीवर. आधी तोंड हुंगत होते, आता सुई टोचू लागले.

परवाना मिळायचा. डॉक्टरने लिहून द्यायचे की या माणसाच्या प्रकृतीला दारूची गरज आहे, की झाले. पुण्या-मुंबईत ज्यांची डॉक्टरशी ओळख होती त्यांच्या प्रकृतीला ती गरज फार लागली. दौंडच्या फायरमनकडे असा डॉक्टर नव्हता. तो भीमेच्या पात्रात जाई. गुऱ्हाळांचा मुलूख, काळा गूळ कमी नाही. नवसागर कुठूनही मिळतो. पिंप रात्री वाळूत पुरायचे. हातभट्टीची नशा करताना आंधळे होण्याची, मरण्याची जोखीम परवाना नसलेल्यानेच घ्यायची होती. आरोग्यासाठी केलेल्या कायद्याने त्याच्या आरोग्याचे काय केले, हा हिशेब मांडायला कोणाला वेळ नव्हता.

इथपर्यंत तुम्ही फायरमनच्या बाजूने असाल, तर त्याच्या घरी चला. रेल्वेच्या चाळीतली एक खोली. पगाराच्या रात्री बायको दार आतून लावून घेते, पोरांना भिंतीकडे तोंड करून झोपवते. तिला विचारा, दारूबंदी हवी का? माणसाने स्वतःच्या पैशाने काय प्यावे हा त्याचा खासगी प्रश्न आहे, हे वाक्य तिच्यासमोर म्हणून बघा. खासगी म्हणजे कुठपर्यंत? त्याच्या घशापर्यंत, की तिच्या पाठीवरच्या वळापर्यंत? स्वातंत्र्याची वकिली करणाऱ्यांनी, मी त्यांतलाच एक, या खोलीत थोडा वेळ बसायला हवे. तिला सरकार हवे आहे. फक्त ते नदीच्या पात्रात पैसे खाऊन परत जाणारे नको आहे.

बंदी साठच्या दशकात सैल झाली. मोडली मात्र नाही. कायदा अजून आहे, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने, आणि आजही महाराष्ट्रात परवान्याशिवाय पिणे गुन्हा आहे. बिअर-वाइनला २१ वर्षे, कडक दारूला २५ वर्षे वय लागते. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, आयुष्यभराचा हजाराला. परमिट रूम या नावातले परमिट किती गिऱ्हाइकांच्या खिशात असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

दौंडहून मागे फिरून चौफुल्याला या आणि शिरूरच्या एसटीत बसा. साल १९७६, आणीबाणी. बसमध्ये तुमच्या शेजारी एक प्राथमिक शिक्षक बसला आहे. तो पारगावपर्यंत एक शब्द बोलत नाही. मग हळू आवाजात विचारतो, “तुम्हाला मुलं किती?” चौकशी आपुलकीची नाही. त्याला नसबंदीच्या ‘केसेस’ नेमून दिल्यात; कोटा भरला नाही तर त्याच्या पगाराचे आणि बदलीचे काय होईल ते त्यालाच ठाऊक. पारगावच्या पुलावर तुम्ही दोन सांगता. त्याचा चेहरा पडतो.

त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले. तीन मुले झाल्यावर सक्तीची नसबंदी, न केल्यास तुरुंग. असे विधेयक मंजूर करणारे राज्य दुसरे नव्हते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि विधेयक तसेच पडून राहिले. कायदा न होताही काय होऊ शकते ते बार्शीत दिसले होते; रस्त्यावरून माणसे उचलून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी तिथे वर्षाच्या सुरुवातीलाच झाल्या. देशभरात त्या एका वर्षात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. परिणाम असा की कुटुंबनियोजन हा चांगला शब्द पुढे पुरुषांनी टाकून दिला आणि शस्त्रक्रियेचे सगळे ओझे बायकांवर गेले. आजही गावातल्या शिबिराला कोण येते ते बघा.

न्हावऱ्याला बस थांबते, तेव्हा २०१२ चा जुलै सरत आला आहे. टपरीवर जा. राज्याने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातल्याला थोडेच दिवस झाले. टपरीवाला तुमच्याकडे बघतो, तुमच्या बुटांकडे बघतो, आणि ठरवतो की तुम्ही अन्न आणि औषध प्रशासनाचे नाही. मग फळीखालून पुडी निघते. कालच्यापेक्षा महाग. अन्नसुरक्षा कायद्यानुसार असा बंदीचा आदेश एका वेळी एकाच वर्षासाठी काढता येतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने निघतो, आणि पुडी दरवर्षी शेजारच्या राज्यातून येते. शेजारी दुसरा माणूस मावा घोटतोय: सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घालून हाताने रगडायचे. आत घरात म्हातारी मिसरी लावतेय. तिच्या मिसरीला कोणी कधी बंदी घातली नाही; ती कोणाच्या यादीतच नव्हती. तोंडाच्या कर्करोगाला पुडी आणि मिसरी यांतला फरक कळत नाही.

गुटखाबंदीच्या विरोधात मी नाही. विकणाऱ्याला अडवणारा नियम आणि खाणाऱ्याला पकडणारा नियम यांत मी फरक करतो, आणि हा पहिल्या जातीचा आहे. पण जो नियम वर्षानुवर्षे फळीखालून विकला जातो त्याने एकच धंदा नक्की वाढतो, तो हप्त्याचा.

आता शिरूर तालुक्यातले कुठलेही गाव घ्या, तुमच्या पसंतीचे. शाळेच्या खोलीबाहेर बायकांची रांग आहे. आज इथे फक्त बायकाच मत देणार. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली, आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. इथवर येण्यासाठी गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या, त्या सह्यांची पडताळणी झाली, तारखा लागल्या. सव्वाशे वर्षांच्या या प्रवासात तुम्हाला पहिल्यांदाच असे ठिकाण दिसते आहे जिथे नियम ज्यांना सोसायचा आहे त्यांनीच तो मागितला आहे.

पारावर बसलेला एक माणूस कुरकुरतो. माझी दारू, माझा पैसा, आणि मत देणार बायका? त्याच्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. मोजून पिणारा, कोणाला त्रास न देणारा माणूसही यात भरडला जाणार. पण त्याला शिरूरच्या बाजारपेठेत जाऊन प्यायला कोणी अडवलेले नाही. त्याच्या घरात कोणी शिरणार नाही, तोंड कोणी हुंगणार नाही. प्रश्न गावात दुकान असावे का एवढाच आहे, आणि गावातल्या दुकानाबद्दल गावाने ठरवावे यात जुलूम कुठे आहे ते मला दिसत नाही.

मग मोजणी होते, आणि इथे सरकारचे गणित बघण्यासारखे आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मते मिळून भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी येऊन आडवीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे लग्न होऊन सासरी गेलेली पण यादीत राहिलेली मुलगी उभ्या बाटलीला मत देते. ऊसतोडीला गेलेली बाई उभ्या बाटलीला मत देते. वारलेली म्हातारीसुद्धा, नाव कमी झालेले नसले तर. आमदार, खासदार, सरपंच यांतल्या कोणालाही निवडून यायला अशी अट नाही. या तालुक्यांत साखर कारखाने आहेत, कारखान्यांतून मळी निघते, मळीपासून मद्यार्क, मद्यार्कावर राज्याला महसूल. बाईच्या आरोग्याची काळजी आणि तिजोरीची काळजी एकाच मंत्रिमंडळात बसतात, आणि त्यांतली कोणती वजनदार आहे ते या अटीवरून कळते.

शेवटचा टप्पा शिरूरचा पूल. खाली घोडनदी, पलीकडे नगर जिल्हा. दौंडलाही असेच आहे, भीमा ओलांडली की श्रीगोंदा. दोन्ही गावे जिल्ह्याच्या कडेवर बसलेली, पण त्यांचा बाजार, सोयरीक, दवाखाना कधी नदीपाशी थांबला नाही. साल २०२० आहे आणि तो थांबला आहे.

१३ मार्चला राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केला. तारीख नीट बघा. एकशे तेवीस वर्षांपूर्वी याच दिवशी पुण्यात झडत्या सुरू झाल्या होत्या, आणि कायदा तोच, १८९७ चा. पुलावर बांबू आडवे बांधलेत. हवालदाराच्या तोंडाला मास्क, हातात काठी. “पास आहे का? मोबाईलवर दाखवा.” तुमची सासू पलीकडच्या वाडीत आजारी आहे. ऑनलाइन अर्ज दोनदा नामंजूर झाला, कारण दिलेले नाही. तुमच्या मागच्या गाडीतल्या माणसाकडे पास आहे, त्याच्याकडे लॅपटॉपही आहे. त्याच्या मागे पायी चाललेले एक मजूर कुटुंब आहे, त्यांच्याकडे दोन्ही नाही, आणि त्यांना परत फिरवायला हवालदाराला एक शब्दही पुरतो.

त्या हवालदाराचा राग करू नका. दौंडच्या राज्य राखीव दलातले जवान बाहेरच्या बंदोबस्तावरून परत आले तेव्हा त्यांच्यातच लागण निघाली होती. नियम पाळायला लावणाऱ्याचा जीवही तेवढाच उघडा असतो, हे रँडच्या शिपायांबद्दल आपण कधी म्हटले नाही. आणि साथ याही वेळी खरी होती. माणसे अडवली नसती तर जास्त मेली असती, असे मला वाटते. पण सरकारचा क्रम बघा. मे महिन्यात राज्यात दारूची दुकाने उघडायला मोकळीक मिळाली, परवानाधारकांना घरपोच देण्याचीही सोय झाली. जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास सप्टेंबरच्या सुरुवातीला गेला. देवळे उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. यातले प्रत्येक पाऊल कुठल्या तरी कारणाने समजावून सांगता आले असते. समजावून कोणी सांगितले नाही.

त्याच वर्षी या कायद्यात दुरुस्ती झाली. डॉक्टर, परिचारिका, आशा यांच्यावर हात टाकणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे व्हायलाच हवे होते. चौथे कलम होते तिथेच राहिले. रोग्याला किंवा वेगळे ठेवलेल्या माणसाला कारण लेखी द्यावे, त्याच्या नातेवाइकांना पत्ता द्यावा, हुकुमाविरुद्ध अमुक दिवसांत अमुक ठिकाणी अपील करता यावे, असे एकही वाक्य त्या कायद्यात १८९७ मध्ये नव्हते आणि आज नाही. ते घालायला लोकसभेत कोणीतरी उभे राहावे लागेल. शिरूरचा खासदार वेगळा, दौंडचा बारामतीचा. मत मागायला दोघांपैकी जो येईल त्याला हे विचारा, आणि साथ नसताना विचारा.